दुकानातली गाणी

९ जानेवारी

ताई,

सप्रेम नमस्कार. इस्पितळातलं दुभाष्याचं काम अखेर सोडलं. अठरा वर्षं लोकांची दुखणी एका भाषेतून दुसरीत नेऊन नेऊन मलाच पाठदुखी लागली होती. आता सरकारी ऑफिसात आहे, तिसऱ्या मजल्यावर. खोलीला खिडकी नाही, पण फिरती खुर्ची आहे आणि दारावर माझी पाटी आहे. तुझी भाचीसुद्धा एकदा येऊन खुर्चीवर गरगर फिरून गेली.

काम मजेचं आहे. आपल्याकडून येऊन 'आम्हाला इथे राहू द्या' म्हणणारे लोक हल्ली बरेच वाढलेत. कागदपत्रं कुणाकडेच नसतात. काही खरे आपले, काही भलतीकडचे आणि गाव मात्र आपलं सांगणारे. मग ऑफिस त्यांना दहा मिनिटं बोलायला लावतं, ते रेकॉर्ड करतं आणि टेप माझ्याकडे येते. नाव नाही, चेहरा नाही, नुसता नंबर. मी हेडफोन लावून ऐकायचं आणि फॉर्मवर खूण करायची: बोली तिथलीच, बहुधा तिथली, तिथली नाही. शाळेत मास्तर माझे कान धरायचे ना, आता त्याच कानांचा पगार मिळतो.

परवाची गंमत सांगतो. एक बाई. आवाज तरुण, पंचविशीच्या आतली असेल. म्हणते मी त्या गावची, म्हणजे आपल्या गावची! मी सरसावून बसलो. सुरुवातीला ठीक चाललं होतं, आणि मग म्हणते, "दर गुरुवारी आम्ही दुकानात जायचो, गाणी म्हणायला." दुकानात! मी टेप मागे घेऊन तीनदा ऐकली. अगं, गुरुवारी गाणी म्हणायला आपण बैठकीला जायचो हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं. कुणीतरी अर्धवट पढवून पाठवलेली दिसते. नंतर तिला गाणं म्हणायला सांगितलं, तर चाल आपली, पण शब्द? आपली गाणी त्या जुन्या भाषेतली, पाच पिढ्यांमागे गलबतांवरून आलेली, ज्यातलं अक्षर कुणाला कळत नसे आणि तरी चुकलं तर आई टपली मारायची. ही बाई म्हणते, 'नीज सोन्या, कडी लावली, वारा बाहेर राहिला.' अंगाई! कुणा अडाण्याने बसून जुळवलेले बाळबोध शब्द.

मी अजून खूण केलेली नाही. आठवडाभर मुदत आहे, वाढवूनही घेता येते. तूच सांग, दुकानात गाणी म्हणतं का कुणी?

तुझा,
धाकला


३ फेब्रुवारी

प्रिय बंधूस,

आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. पाकीट वाटेत थोडे उसवले होते, परंतु आतील कागद पूर्ण होता.

तू विचारलेस त्याविषयी. आपल्या गावात दुकानात गाणी म्हणण्याचा कोणताही प्रकार नाही. बैठकादेखील आता कोणी करीत नाही, लोकांना कामातून सवड नसते. ती स्त्री खोटे बोलत असावी. अशा लोकांपासून सावध राहावे. तुझ्या कामाविषयी पत्रातून फारसे लिहू नकोस, तुझे वरिष्ठ रागावतील.

छापखान्यात माझे काम नीट चालू आहे. शालेय पुस्तकांची नवी आवृत्ती निघत आहे. यंदा इकडे पाणी फार आहे. मागील आठवड्यात शेजारच्या आळीत तीन घरांत शिरले. आमच्याकडे अजून आलेले नाही. तू समजदार आहेस.

तुझी ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

काय हे पत्र! 'प्रिय बंधूस'! 'करीत नाही', 'शिरले', 'राहावे'! माझी ताई लिहितेय की नगरपालिकेची नोटीस आलीय, कळेना. दिवसभर मुद्रितं तपासून तुझी जीभही छापील झाली वाटतं.

पण तुझे उपकार झाले. ती खूण मी मुदत वाढवून घेऊन तुझ्या पत्रासाठी अडवून ठेवली होती. तुझं उत्तर वाचलं आणि उरलासुरला संशय गेला. 'तिथली नाही' अशी खूण केली, सही केली. साहेबबाईंनी विचारलं, "एवढी खात्री?" मी म्हटलं, "माझी सख्खी बहीण जन्मापासून तिथे राहते." त्यांनी तुझ्या पत्राची प्रतही फाइलला लावून घेतली. बघ, तुझं अक्षर सरकारदरबारी गेलं!

आणि ते पाण्याचं काय? आपलं गाव एवढं उंचावर, तिथे पाणी शिरतं कसं? गटारं तुंबवली असणार लोकांनी. तू वाट बघत बसू नकोस, उंबऱ्याला सिमेंटचा बांध घालून घे आणि पुस्तकं वरच्या फळीवर ठेव. शेजाऱ्यांना सोबत घेऊन एक अर्ज दे. सगळ्यांच्या सह्या घे, म्हणजे वजन पडतं.

तुझा,
धाकला


११ मार्च

धाकल्या,

हे पत्र टपालातून येत नाहीये. आपल्या चष्मेवाल्यांचा भाचा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. पहिलं परकं बंदर लागलं की तो हे पेटीत टाकील. म्हणून आज मोकळं लिहिते. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच.

मी तुला खोटं लिहिलं. सात वर्षं खोटंच लिहितेय. 'सगळं ठीक आहे' असं मी ज्या ज्या पत्रात लिहिलं, त्यातलं एकही पत्र उघडल्याशिवाय तुझ्याकडे गेलं नाही. तुझी माझ्याकडे येतात तीही उघडून येतात. जानेवारीतलं पत्र टपालवाल्याने हातात दिलं तेव्हा पाकिटाला नवा डिंक लागलेला होता, ओलाच.

नीट ऐक. बैठकीवर बंदी येऊन सात वर्षं झाली. आधी जागा बंद केली, मग जुनी भाषा. ती परकी आहे, बाहेरून आली आहे, म्हणे. बाहेरून आली हे खरंच, पण पाच पिढ्या झाल्या की रे! मग बोलण्यातले शब्दसुद्धा. आमच्या छापखान्यात दर महिन्याला यादी येते, कुठले शब्द काढायचे त्याची. 'बैठक' पहिल्याच यादीत गेला. धड्यात 'राजाची बैठक' होती, तीही मी माझ्या हाताने खोडली. आम्ही मुद्रितं तपासणाऱ्या चौघी होतो. एकीच्या नजरेतून दोन शब्द सुटले. आता आम्ही तिघी आहोत. चौथीच्या खुर्चीवर कुणी बसत नाही आणि ती खुर्ची कुणी उचलतही नाही.

पण लोक थांबले नाहीत. जो शब्द तोंडातून काढायचा नाही त्याच्या जागी दुसरा आला. कुणी ठरवला असं नाही, आला. आम्ही बैठकीला 'दुकान' म्हणायला लागलो. 'गुरुवारी दुकानात येतेस का' असं भर रस्त्यात विचारता येतं. धाड पडली की 'पाणी आलं'. माणूस उचलून नेला की 'वाहून गेला'. आता पोरं हेच शब्द शिकून मोठी झाली, त्यांना दुसरे ठाऊकच नाहीत. मी तुला लिहिलं होतं, शेजारच्या आळीत तीन घरांत पाणी शिरलं. मला वाटलं तुला कळेल. तू मला सिमेंटचा बांध घालायला सांगितलास. हसावं की रडावं ते कळेना, पत्र तोंडावर धरून बसून राहिले. आणि वर सगळ्यांच्या सह्या घे म्हणालास!

ती टेपवरची बाई खोटी नाही. ती चष्मेवाल्यांची धाकटी आहे. तू गेलास त्याच वर्षी जन्मली, म्हणून तुला माहीत नाही. बापाच्या दुकानात भिंगं घासायची. तिला मी लिहायला शिकवलं. थंडीच्या तोंडाला त्यांच्याकडे पाणी आलं तेव्हा ती मागच्या भिंतीवरून गेली, ती पुढे तुझ्या देशात पोहोचली हे तिच्या भावजयीला कळलं होतं. तुझ्या पत्रात ते गाणं वाचलं आणि मला खात्रीच पटली. कारण ते बाळबोध शब्द माझे आहेत. जुन्या भाषेतलं गाणं भिंतीपलीकडे ऐकू गेलं तर माणूस वाहून जातो. अंगाई ऐकू गेली तर कुणी काही म्हणत नाही. म्हणून मी त्याच चालीवर अंगाई बसवली. तसंही आईला तरी त्या जुन्या शब्दांचा अर्थ कुठे माहीत होता? गलबतावरून उतरताना त्या गाण्याने आधीच किती कपडे बदलले असतील देव जाणे.

तुझ्या त्या पत्रानंतर मी उत्तर लिहायला बसले तेव्हा समोर तू नव्हतास. पाकीट उघडणारा होता. त्याने तुझ्या पत्रातलं 'दुकान' वाचलंय हे मला माहीत होतं. मी त्याला सांगत होते की ती बाई खोटी आहे, असलं काही नसतं. तीन आठवडे भीतीने आमच्यातलं कुणी दुकानाकडे फिरकलं नाही. पण त्याने तो शब्द वेडगळपणा म्हणून सोडून दिला असावा.

आणि तू ते पत्र फाइलला लावलंस.

इथून गेलेल्यांना परत पाठवतात तेव्हा त्यांना धक्क्यावरच उतरवून घेतात. घरी कुणी आलेलं मी अजून पाहिलं नाही. तिला परत पाठवू देऊ नकोस. काहीही कर.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. सोबतच्या चिठ्ठीत स्वयंपाक्याने लिहिलं होतं, चारच दिवसांत त्याचं जहाज इथल्याच धक्क्याला लागणार आहे, म्हणून त्याला भेटायला गेलो. हे पत्र त्याच्या हाती देतोय. जहाज उद्या सुटेल, तेरा-चौदापर्यंत तुझ्याकडे पोहोचेल. तोवर ज्या गोष्टी करायच्या त्या तुला कराव्या लागतील, म्हणून आधी तेच सांगतो.

तुझं पत्र वाचून मी तसाच साहेबबाईंच्या टेबलापाशी गेलो. म्हटलं, तो नंबर चुकला, माझी चूक, खूण बदला. त्यांनी फाइल काढली. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "निकाल लागलाय. तेवीस तारखेचं विमान आहे."

"थांबवता येत नाही?"

"लेखी निवेदन द्या. काय चुकलं, का चुकलं, प्रत्येक शब्द समजावून. बावीसला दुपारी चारपर्यंत माझ्या टेबलावर. नुसतं 'मला आता वाटतं' चालणार नाही."

"आणि ते निवेदन कोण वाचतं?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "मी. पंच. तिचा वकील. आणि निकाल तिच्या विरुद्ध गेला तर परत नेणाऱ्या देशाच्या वकिलातीला सगळी फाइल द्यावी लागते. तसा करार आहे."

ताई, तुला समजलं ना? मी लिहिलं नाही तर ती तेवीसला जाते. मी लिहिलं तर दुकान म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, अंगाई म्हणजे काय, हे सगळं माझ्या सहीनिशी कागदावर येतं, आणि पंच नाही म्हणाले तर तो कागद तुमच्या गावात येतो. तिला वाचवायला तुम्हा सगळ्यांना उघडं पाडावं लागतंय. बायको विचारते काय झालं. तिला आपली भाषा येत नाही; हे तिच्या भाषेत कसं सांगायचं तेच मला सुचत नाही.

धक्क्यावर स्वयंपाक्याशी बोललो. पाच मिनिटांत तो हसायला लागला. म्हणाला, "काका, तुम्ही माझ्या आजोबांसारखं बोलता. 'न्याहारी', 'वखार' असं आता कोण म्हणतं?" मी हसलो नाही. बावीस वर्षांपूर्वी मी एक भाषा डब्यात बंद करून इकडे आणली, झाकण घट्ट लावून ठेवली, आणि त्या डब्यातल्या मापाने जिवंत माणसांची बोली मोजत बसलो. माझीच टेप कुणी ऐकली असती तर लिहिलं असतं: तिथला नाही.

तुला विचारायला वेळ नाही. तुझं उत्तर येईपर्यंत विमान गेलेलं असेल. मी ठरवलंय. शेवटच्या दिवशी, बावीसलाच, चारला पाच कमी असताना निवेदन देईन. त्याआधी एक तासही नाही. म्हणजे हे पत्र मिळाल्यावर तुला आठ दिवस मिळतात. सगळ्यांना सांग. ते शब्द टाकून द्या. तोंडातून, घरातून, पोरांच्या खेळातून काढा. अंगाईसुद्धा. मला क्षमा कर.

तुझा धाकला


१६ एप्रिल

प्रिय बंधूस,

आशीर्वाद. तू पाठवलेली भेट मिळाली. सर्वांना घरोघरी जाऊन वाटली, आता फार थोडी घरे उरली आहेत. मुलांनी सर्वांत आधी घेतली. मोठ्यांना जड गेले. एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांना कमी ऐकू येते, त्यांना दोनदा दिली तरी ते विसरतात. उद्या पुन्हा जाईन. त्यांच्यासाठी थांबू नकोस. त्यांनी स्वतःच तसे सांगितले आहे.

तू ठरवलेस ते योग्य आहे. प्रकृतीस जप.

तुझी ताई


५ मे

ताई,

तुझं सोळाचं पत्र काल आलं. हे उत्तर स्वयंपाक्याच्या हाती पाठवतोय. यावेळी मला प्रत्येक ओळ समजली. समजायला लागल्यापासून झोप उडाली आहे.

इकडचं सांगतो. निवेदन दिलं. अकरा पानं. विमान थांबलं आणि अठ्ठावीसला सुनावणी झाली. लहानशी खोली, लांब टेबल, तीन पंच. ती समोर बसली होती. मी प्रथमच तिला पाहिलं. बारीक चणीची, बोटांच्या टोकांवर भिंगं घासून पडलेले पांढरे चट्टे. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

मधले पंच म्हणाले, "जानेवारीत तुम्हाला खात्री होती. आता उलटी खात्री आहे. कुठल्या खात्रीवर विश्वास ठेवायचा?"

मी म्हटलं, "जानेवारीत मी माझ्या लहानपणाची भाषा ऐकत होतो. ती तिथे आता कुणी बोलत नाही. भीतीपोटी माणसांनी शब्द बदलले. ही बाई चुकीचं बोलत नव्हती, ती आजचं बोलत होती. शिळी भाषा माझी आहे."

"याला पुरावा?"

माझ्याकडे तुझं मोकळं पत्र होतं, कोटाच्या आतल्या खिशात. ते काढलं असतं तर लगेच निकाल लागला असता. पण ते पत्र फाइलला गेलं असतं आणि तुझं अक्षर त्यांच्याकडे आधीच आहे. मी खिशावर हात ठेवून नुसता बसलो.

मग तिच्या वकिलाने एक युक्ती काढली. म्हणाला, तुमच्याकडच्या बाकीच्या टेप वाजवा, ज्यांना यांनी 'तिथली नाही' म्हटलं त्या. एकेक लावली. एक म्हातारा म्हणतो, "पाणी आलं तेव्हा आम्ही जेवत होतो." एक पोरगी म्हणते, "दुकानातून येताना भाऊ वाहून गेला." वेगवेगळ्या महिन्यांत आलेली माणसं, एकमेकांना न ओळखणारी. तेच शब्द. मी प्रत्येकाला खोटं ठरवलं होतं, आणि तेच आता एकमेकांचे साक्षीदार झाले.

तिला राहू दिलंय. सध्या वर्षभर, पुढचं पुढे. निकाल तिच्या बाजूने लागला, म्हणून फाइल इथेच राहणार असं साहेबबाई म्हणतात. पण सुनावणीला खोलीत नऊ माणसं होती, ताई. नऊ. कोण कुठे काय बोलेल ते मला माहीत नाही, आणि फाइल हलवणाऱ्या लोकांवर माझा आता विश्वास नाही, कारण मी त्यांच्यातलाच होतो.

नोकरी सोडली. सोडायला लावली असंही म्हण. डिसेंबरपासून मी सतरा जणांना 'तिथली नाही' म्हटलं होतं. त्यांतले नऊ परत गेले आहेत. नंबर माझ्याकडे आहेत, नावं नाहीत.

सुनावणीनंतर ती बाहेर बाकावर बसली होती. मी दोन हात लांब बसलो. शेवटी तीच म्हणाली, "दादा, मला फेब्रुवारीतच कळलं होतं तुम्ही कोण ते."

"कसं?"

"फाइल दाखवली ना. त्यात ताईंचं पत्र होतं. अक्षर ओळखलं. त्याच अक्षरावर गिरवून मी शिकले."

"मग तू सांगितलं का नाहीस? हे पत्र लिहिणाऱ्या बाई मला ओळखतात म्हणायचंस!"

"आणि मग त्यांनी मला विचारलं असतं, त्या तुला ओळखतात तर खोटं का लिहितात? ताईंना काय झालं असतं?" मग ती बोटांच्या टोकांकडे बघत म्हणाली, "मला आधी वाटलं ताईंनी मला टाकलं. दोन दिवस तसंच वाटत होतं. मग पत्रातलं पाणी वाचलं. आमच्या शेजारच्या आळीत शिरलं म्हणून लिहिलं होतं. म्हटलं, ताई घाबरल्यात. मग गप्प बसले."

दोन महिने, ताई. विमानाची तारीख हातात धरून ती पोरगी गप्प बसली, तुझ्यासाठी.

तिने वडिलांची चौकशी केलीय. त्यांना कमी ऐकू येतं म्हणाली. तुझ्या पत्रातले ते वयस्क गृहस्थ तेच का? मी तिला काही बोललो नाही. कळव.

धाकला


३० मे

धाकल्या,

हेही स्वयंपाक्याकडून. आता तो मार्गही फार दिवस राहील असं वाटत नाही. धक्क्यावर सामान उघडून बघायला लागलेत.

हो, ते तेच. चष्मेवाले. मी पाच वेळा गेले. कानाशी ओरडून सांगता येत नाही, आमच्या भिंती तुला आठवतात. पाटीवर लिहून दाखवलं. ते मान हलवायचे, "समजलं, समजलं" म्हणायचे. पोरीचा जीव वाचेल म्हटल्यावर रडले आणि म्हणाले, आमची काळजी करू नका, उद्याच्या उद्या कागद देऊ दे त्याला. पण सात वर्षं जिभेला बसलेला शब्द. चौदा मे, गुरुवार. पावाच्या रांगेत उभे होते. पुढच्याने विचारलं, काय काका, आज घाई? हे सवयीने म्हणाले, "दुकानात जायचंय." स्वतःचं दुकान मागे उघडं टाकून आलेला माणूस. रांगेतले सगळे खाली बघायला लागले. मी चार माणसं मागे होते.

रांगेच्या कडेला उभा असलेला एक जण सावकाश पुढे आला आणि त्याने विचारलं, "कुठल्या दुकानात?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. सुनावणीच्या खोलीतल्या नऊ माणसांतून की आणखी कुठून, मला माहीत नाही. तू ते शोधत बसू नकोस. आधी सांगितलं नसतंस तर त्या रांगेत आम्ही चाळीस जण तोच शब्द बोलत उभे असतो. सगळी आळी गेली असती. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाहीये. मोजून लिहितेय.

त्यांना पाच दिवसांनी सोडलं. त्यांच्याकडून काही मिळालं नाही, कारण विचारलेलं त्यांना ऐकूच येत नव्हतं, असं लोक म्हणतात. घरी आहेत. जेवतात. दुकान उघडून बसतात. पण बोलत नाहीत. कुठलाच शब्द नाही, नवा नाही, जुना नाही. परवा मी चष्म्याची काडी दाखवायला नेली, त्यांनी ती बसवून दिली आणि माझ्या तोंडाकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी बोलून टाकेन.

पोरीला काय सांगायचं ते तू ठरवू नकोस. ती विचारील तेवढं खरं सांग. दोन महिने गप्प राहिलेल्या मुलीला आणखी झाकून ठेवलेलं चालणार नाही.

परत आलेल्या त्या नऊ जणांबद्दल मला विचारू नकोस.

बैठक चालू आहे. जागा बदलली, वार बदलला, चालही बदलली. त्या चालीवर आता कुणी काही म्हणत नाही. आईची चाल माझ्या हयातीत गेली. नवी चाल पोरांनीच कुठून तरी उचलून आणली, बहुतेक रेडिओवरच्या जाहिरातीची आहे. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. दुसऱ्यांदा म्हणताना डोळे भरून आले. बैठकीला आता काय म्हणतात, धाडीला काय म्हणतात, ते मी तुला सांगणार नाही. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. तुला माहीत असलं की तुला कुणी विचारू शकतं.

यापुढची पत्रं टपालाने येतील. त्यात हवापाणी असेल, छापखाना असेल, शेजारणीच्या घरचं लग्न असेल. त्यातलं कुठलं खरं लग्न आणि कुठलं नाही, हे तुला कळणार नाही. पोरीलाही कळणार नाही, तिच्याही जिभेवर आता मागच्या वर्षीची भाषा आहे. विचारू नका. अर्ज करायला सांगू नकोस. जेवढं समजेल तेवढं समज, आणि जे समजणार नाही त्याच्या जागी समज की ताई अजून बोलतेय.

ताई